पायरीवर अडलेला निरोप

"आणि आजचा दिवस नाही सांगितलं तर?" कर्णिकांनी विचारलं. "एकच दिवस. उद्या सकाळी सांगेन. त्यात कुणाचं काय बिघडतं, महाराज?"

देवळाच्या पायरीशी मांडलेल्या चुलीतलं लाकूड महाराजांनी पुढे सारलं. पातेल्यात आधण आलं होतं. त्यांनी तांदूळ वैरले, हात झटकले आणि मग वर पाहिलं.

"कुणाला काय सांगायचंय?"

कर्णिकांनी हातातला मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला.

खाली नदीच्या काठाला करंजाच्या सावलीत त्यांची गाडी उभी होती. जुनी मिनीबस विकत घेऊन, बाकडी काढून, कर्णिकांनी तिचं घर केलं होतं. आत दोन माणसांची झोपायची फळी, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला बायकोनं, शैलाताईंनी, शिवलेले पडदे. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा शैलाताईंचा भाऊ शरू म्हणाला होता, "ताई, हे बरंय. आता तुझं सासर तुझ्याबरोबर फिरणार."

आजची सकाळ कालच्यासारखीच उजाडली होती. चहा झाला. साखर कमी पडल्यावरून दोघांचं थोडं वाजलं. मग शैलाताईंनी गळाला लावायला कणीक मळली, गुळाचं पाणी घालून.

"लग्न झाल्यापासून तुमच्या पोळ्यांसाठी मळतेय," त्या म्हणाल्या, "पण इतकं लक्ष देऊन आजच मळली असेल. मासे तुमच्यासारखे नसतात. त्यांना आवडलं नाही तर ते खात नाहीत."

कर्णिकांनी त्यांना गळ टाकायला शिकवलं. मनगट कसं वळवायचं, गळाच्या दोरीला, तंगुसाला, ढील कधी द्यायची. त्यांना काठावर बसवून ते देवळाच्या पायऱ्या चढून वर आले. मोबाइलला रेंज यायची ती या देवळाच्या वरच्या पायरीवरच. रोज सकाळी ते इथे बसून बातम्या वाचत.

आज मोबाइल हातात घेतला तर तो एकामागून एक वाजत सुटला. पहाटेपासून येऊन पडलेले फोन. सगळे शरूच्या मुलाचे, तन्मयचे.

"काका, बाबा गेले," तन्मय म्हणाला होता. "पहाटे. झोपेतच. आत्याला सांगा."

शरू गेला, हे कर्णिकांनी महाराजांना आत्ता सांगितलं. सपाट आवाजात, कामावरचा अहवाल द्यावा तसं. उभा जन्म पूल बांधण्याच्या खात्यात गेला होता. वाईट बातमी साहेबांना कशी द्यायची ते त्यांना येत होतं. बायकोला कशी द्यायची ते येत नव्हतं.

"धाकटा?" महाराजांनी विचारलं.

"धाकटा. भाऊ कसला, मुलगाच तिचा. आई गेली तेव्हा तो रांगत होता. शाळा सोडून हिनं त्याला कडेवर वाढवला. आमच्या लग्नात ही बोहल्यावर उभी, आणि हा हिचा शालू धरून शेजारी. भटजी म्हणाले, याला बाजूला घ्या. ही म्हणाली, राहू दे त्याला."

महाराजांनी चुलीत फुंकर घातली.

"पनवेलला असतो. असायचा. तन्मय विचारतोय, आत्या येणार असेल तर संध्याकाळपर्यंत थांबतो. नाहीतर दुपारी नेऊ म्हणतोय. मी म्हटलं, कळवतो."

"मग?"

"मग काय... तुम्हीच सांगा."

महाराजांच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. परवा संध्याकाळी याच गृहस्थांनी पायरीवर उभं राहून त्यांना विचारलं होतं, 'इतकी वर्षं इथे बसून तुम्ही मिळवलंत काय?' आणि महाराज म्हणाले होते, 'गुडघेदुखी. ओल फार आहे इथे.' शैलाताई मोठ्यानं हसल्या होत्या. काल त्यांनी गाडीतली मलमाची बाटली वर आणून दिली होती. त्यावर महाराज म्हणाले होते, माई, उद्या दुपारी इथेच जेवा. वरणभात करतो.

तो भात आता चुलीवर होता.

"मी तिला शब्द दिलाय," कर्णिक म्हणाले. "आमच्या आईचं आजारपण हिनं काढलं. मग वडिलांचं. कुठे जायचं ठरलं की कुणीतरी आजारी पडायचं. एकदा तर रिक्षात सामान ठेवलं होतं, ते उतरवलं. या वेळी निघताना मी म्हटलं, शैला, आता काहीही होवो, कुणासाठीही परत फिरायचं नाही. मी ठरवलं की ते होतं, महाराज. माझा एक पूल कधी मुदतीबाहेर गेला नाही."

"हं."

"आणि तिथे जाऊन ती काय करणार? माणूस तर गेला. ती जाऊन परत येणार आहे का तो?"

"नाही."

"मग?"

महाराजांनी डावानं भात हलवला.

"तुम्ही मला विचारताय," ते म्हणाले, "की ठरवलेलं सांगताय?"

कर्णिकांना राग आला. पण तेवढ्यात खालून हाक आली.

"अहो... अहो, ऐकलंत का?"

शैलाताई पायऱ्या चढत होत्या. एका हातात प्लॅस्टिकची बादली, दुसऱ्या हातानं साडी वर धरलेली. दम लागला होता. पदर भिजला होता. चेहऱ्यावर शाळेतल्या मुलीसारखं काहीतरी होतं. कर्णिकांनी ते कधी पाहिलेलं नव्हतं. दोघांची भेट झाली तोवर शैलाताईंची शाळा सुटलेली होती.

"लागला," त्या म्हणाल्या आणि बादली खाली ठेवली. "मी एकटीनं काढला. तुम्ही नव्हतात म्हणूनच लागला. तुम्ही असलात की सूचनाच फार."

बादलीत वीतभर लांबीचा मासा कडेकडेनं फिरत होता.

"माई, पहिला ना?" महाराजांनी विचारलं.

"पहिला. म्हणून तर आणला. पहिला मासा कोंडाचा, असं तुम्हीच सांगितलंत ना."

देवळाच्या मागे नदीचा खोल डोह होता. त्याला कोंड म्हणत. कोंडातले मासे देवीचे. त्यांना कुणी गळ लावत नाही, कुरमुरे घालतात. खाली नदीत कुणीही मासे धरावेत, पण या नदीत ज्याला पहिल्यांदा मासा लागेल त्यानं तो वर आणून कोंडात सोडायचा, अशी इथली रीत होती.

"सोडते," शैलाताई म्हणाल्या. "पण आधी तुमचा मोबाइल द्या. फोटो काढून शरूला पाठवते. त्याला म्हटलं होतं, मासा लागला की पहिल्यांदा तुला कळवीन. तर म्हणतो कसा, ताई, तुला सर्दी लागेल, मासा नाही लागायचा. द्या ना. इथे रेंज आहे तर फोनच करते मेल्याला."

त्यांनी हात पुढे केला.

कर्णिक त्या हाताकडे बघत राहिले. बोटांना कणीक लागलेली होती.

"रेंज गेलीय," ते म्हणाले.

"आत्ता?"

"सकाळपासून."

तेवढ्यात मांडीवरचा मोबाइल वाजला.

कर्णिकांनी पडद्यावरचं नाव पाहिलं, बटण दाबून धरलं आणि मोबाइल बंद करून टाकला.

"कुणाचा होता?"

"कर्ज हवंय का विचारतात."

"रेंज नाही म्हणालात ना?"

"येते, जाते..."

शैलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग महाराजांकडे. महाराज भातात बघत होते.

"तुमचं ना, काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. आधी याला सोडून येते, कासावीस झालाय. महाराज, वरणात गूळ टाकू नका हं. यांना चालत नाही. चोरून मागतील, देऊ नका."

बादली उचलून त्या देवळामागे गेल्या. कोंडाकडे उतरणाऱ्या वाटेवर त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"पाहिलंत?" कर्णिक हलक्या आवाजात म्हणाले. "हे मोडू म्हणता? माझ्या हातानं?"

महाराज चुलीकडे वळले.

त्यांनी फडक्यानं पातेलं धरून खाली उतरवलं. तांदूळ अजून अर्धे कच्चे होते. शेजारच्या तांब्यातलं पाणी त्यांनी चुलीत ओतलं. लाकडं फुसफुसली. धूर उठला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला.

"अहो, हे काय करताय?"

"माईंच्या माहेरी मढं ठेवलंय. आज चूल कशी पेटती ठेवू?"

"तिला कुठे माहीत आहे अजून."

"मला माहीत आहे."

कर्णिकांनी मोबाइल उचलून हातात घेतला.

"तुम्हाला पण माहीत आहे," महाराज म्हणाले. "तुम्ही जेवाल?"

कर्णिकांनी विचार केला. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मी पण नाही जेवणार. मग पान एकच मांडायचं. ती एकटी जेवणार आणि आपण दोघं बघत बसणार... तसं करू?"

कर्णिक उठून उभे राहिले. पुन्हा बसले.

"मी तिच्याच सुखासाठी..."

"हो."

"उद्या सांगणारच आहे ना?"

"सांगाल. मग ती विचारेल, तुम्हाला कधी कळलं?"

कर्णिकांनी डोळे मिटले. शैला हेच विचारणार होती. दुसरं काहीही विचारण्याआधी हेच.

"मग ती आजचा दिवस परत मांडून बसेल," महाराज म्हणाले. "मला मासा लागला तेव्हा शरू गेलेला होता. मी फोटो काढते म्हणाले तेव्हा गेलेला होता. त्याला मेल्या म्हणाले तेव्हा..."

"पुरे."

महाराज थांबले.

धूर विरला. चुलीतलं काळं पाणी दगडांच्या फटीतून बाहेर आलं आणि पायरीवरून एक ओघळ खाली गेला. कर्णिक त्याच्याकडे बघत होते. मोठे मोठे पूर त्यांनी पाहिले होते. कुठलं पाणी कुठे अडवायचं हे ठरवण्याचाच त्यांनी पगार घेतला होता.

त्यांनी मोबाइल चालू केला.

"तन्मय," ते म्हणाले, "थांबा. नेऊ नका. आत्या येतेय. आम्ही निघतो आहोत... नाही, अजून नाही सांगितलं. सांगतो... हो. त्याच्या उशाशी कोण आहे? बरं. तिथेच बसा."

त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

देवळामागून पुन्हा चपलांचा आवाज यायला लागला. शैलाताई वर येत होत्या. मोकळ्या बादलीची कडी वाजत होती. त्या मासा कसा गेला ते इतक्या लांबूनच सांगू लागल्या होत्या, पण शब्द नीट कळत नव्हते.

"कसं सांगू?" कर्णिकांनी घाईनं विचारलं. त्यांचा आवाज आता साहेबाचा राहिला नव्हता. "महाराज... सुरुवात कशी करतात? तुम्हाला कधी कुणी अशी बातमी सांगितली असेल ना? कशी सांगितली?"

महाराज चुलीतली ओली राख हातानं गोळा करत होते. त्यांचा हात थांबला.

"माझी आई गेली तेव्हा मी अनुष्ठानाला बसलो होतो," ते म्हणाले. "माझं मन मोडू नये म्हणून गुरुजींनी निरोप दाराबाहेरच थांबवला. अनुष्ठान निर्विघ्न पार पडलं. मग सांगितलं, तोवर तिकडे तिचे दिवसही झाले होते."

"आणि मग?"

शैलाताई शेवटच्या वळणावर दिसू लागल्या.

"आईसाठी रडायचं राहिलंय, साहेब."