शिवाप्पाचा ताका

इचलकरंजीच्या दादासो शेठच्या कारखान्यात माग पुष्कळ होते, पण त्या सगळ्यांहून जोरात शेठची जीभ चालायची. एका दुपारी दातेरी चाकात विणकर शिवाप्पाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि मागावरच्या पांढऱ्या कापडाच्या ताक्यावर रक्त सांडलं.

बोटं गेलेला माणूस मागावर काय कामाचा? शेठनं त्याला काढून टाकलं. शेवटचा पगार घ्यायला गेला, तर हातावर दमडी पडली नाही.

"ताका नासवलास. त्याची किंमत पगारातनं कापली," शेठ म्हणाला. "फिटलं सगळं."

शिवाप्पा म्हणाला, "किंमत घेतलीसा, म्हंजे ताका माझा झाला. तेवढा द्या."

शेठनं हसत ताका त्याच्या अंगावर फेकला.

खंडेनवमीला माग बंद ठेवून, पुसून झेंडूच्या माळा घातल्या. व्यापारी पानसुपारीला जमले. त्या दिवशी मागाला हात जोडायला येणाऱ्याला कुणी अडवत नाही. शिवाप्पा आला आणि त्यानं आपल्या जुन्या मागावर तो ताका पांघरला. वाळून काळे पडलेले डाग सगळ्यांना दिसले. नारळ फोडणाऱ्याचा हात तसाच थांबला.

शेठ शिवाप्पाच्या कानाशी लागला, "गुंडाळ ते! कितीला देतोस, बोल."

"कापड तुमच्याच भावात घ्या, मालक," शिवाप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पण तो भाव पांढऱ्या कापडाचा होता. वरच्या रंगाचे पैसे वेगळे पडतील."

आणि पैसे घ्यायला त्यानं उजवाच हात पुढे केला.