भरून परत गेलेल्या टोपल्या

खूप खूप मागची गोष्ट. समुद्राकाठी, नारळीच्या बनात एक गाव होतं. त्या गावात नाताळच्या शुभेच्छा तोंडाने कमी आणि टोपलीने जास्त दिल्या जात.

नाताळ जवळ आला की घरोघरी कढई चढायची. ओल्या नारळाच्या करंज्या, म्हणजे नेवऱ्या, शिंपल्यासारखे वळलेले कुलकुल, काळ्या गुळाचा दोदोल, रव्याचे लाडू. हे सगळं वेताच्या टोपलीत रचायचं, वर धुतलेलं पांढरं फडकं झाकायचं आणि टोपली शेजारी नेऊन द्यायची. शेजारणीने ती उतरवून घ्यायची आणि आपल्या घरचा खाऊ भरून परत करायची. टोपली रिकामी परत करणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं होतं.

सूट होती ती एकाच घराला. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल, तिथे कढई चढत नसे. त्या घराला सगळं गाव खाऊ देई, आणि त्या घराने मात्र टोपल्या रिकाम्याच परत करायच्या. त्या रिकाम्या टोपलीचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक होता. तुम्ही दिलेलं आमच्या पोटात गेलं, आमचं दुःख थोडं हलकं झालं.

या गावात इजाबेलबाय नावाची मानाची बाई राहायची. देण्याच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणाकडून चार नेवऱ्या आल्या, की हिच्याकडून नेवऱ्या जात, वर दोदोल जाई, त्याच्यावर काजू जात. टोपली इतकी शिगोशीग, की फडकं झाकलं जाईना. लोक म्हणत, "बाय, कशाला एवढं?" ते ऐकायला तिला फार आवडे. आलेला खाऊ मात्र तिने कधी तोंडात घातला नव्हता. देण्याच्या गडबडीत तिला वेळच नसे. खाण्याचं काम तिचा नवरा जुजे करी. पायरीवर बसून तो एकेक नेवरी फोडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "कात्रीनच्या हाताला काय चव आहे." गावाला वाटे, इजाबेलबायच्या घरी आपलं कौतुक होतं. त्या घरात कौतुक करणारा कोण, हे बघायला कोणी गेलं नव्हतं.

त्या वर्षी पावसाळ्यात जुजे गेला.

नाताळ आला. इजाबेलबायची चूल थंड होती. आदल्या दिवशी सकाळपासून टोपल्या यायला लागल्या. सगळ्यात आधी शेजारची कात्रीन आली. कात्रीन गरीब होती. तिच्या नेवऱ्यांत सारण बेताचं असे, म्हणून त्या चपट्या दिसत. टोपली ठेवून ती हळूच म्हणाली, "बाय, खा गे. पोटात काही घाल."

"ठेव तू. बघते मी," इजाबेलबाय म्हणाली.

दुपारपर्यंत ओटीवर टोपल्यांची रांग लागली आणि इजाबेलबाय पार गोंधळून गेली. जन्मात नुसतं घेण्याची वेळ तिच्यावर आली नव्हती. कोणी दिलेलं हातात धरून उभं कसं राहायचं, हेच तिला कळेना. खावं तर घास उतरेना. टोपल्या रिकाम्या पाठवाव्यात तर मन धजेना. इजाबेलच्या घरची टोपली आणि रिकामी? लोक काय म्हणतील? मग वाटे, लोकच तर म्हणतात रिकामी पाठव. मग वाटे, म्हणतात खरं, पण मनातून काय म्हणत असतील? ती आत जाई, बाहेर येई, टोपल्यांकडे बघे आणि पुन्हा आत जाई.

विचार करून करून तिचं डोकं भणाणलं, आणि भणाणलेल्या डोक्याला सुचतं तसलं एक शहाणपण तिला सुचलं. टोपली रिकामी पाठवायची ती कढई चढत नाही म्हणूनच ना? मग कढई न चढवता भरू. तिने सगळ्या टोपल्या मोठ्या परातीत उपड्या केल्या. सगळ्यांच्या नेवऱ्या, सगळ्यांचे लाडू एक झाले. त्यातूनच मूठ मूठ उचलून तिने प्रत्येक टोपली भरली आणि दिवस मावळायच्या आत घरोघरी पोचवली. रीतही राहिली आणि मानही राहिला, म्हणून तिला जरा बरं वाटलं.

आता गावात काय झालं ते ऐका. आपल्या हातची नेवरी कुठल्या बाईला ओळखू येत नाही? कडेची मुरड बघितली की झालं. गावातल्या दुमिंगच्या बायकोने फडकं उचललं आणि ती तिथेच खाली बसली. टोपलीत तिचेच लाडू होते. बाजूला भलत्याच घरची नेवरी, खाली तिसऱ्याच कोणाचा दोदोल.

"तिने कढई चढवली म्हणावं, तर हे माझे लाडू. माझे लाडू परत केले म्हणावं, तर ही नेवरी कोणाची?" तिने नवऱ्याला विचारलं.

दुमिंगने लाडू उलटासुलटा करून पाहिला, वरून पाहिला, खालून पाहिला, आणि म्हणाला, "मला नको विचारू."

घरोघरी हेच चाललं होतं. कोणी म्हणे, बायचं डोकं फिरलं. कोणी म्हणे, आपल्यावर रागावली. पण एक गोष्ट सगळ्यांना लागली. आपण दिलेलं तिने खाल्लं नव्हतं.

नाताळच्या दिवशी चर्चमधली मिस्सा सुटली, की दुःखातल्या घरी माणसं जाऊन बसत. इजाबेलबायने ओटी झाडली, चटया अंथरल्या आणि ती वाट बघत बसली. रस्त्याने माणसं जात होती. तिच्या घरासमोर आली की त्यांच्या माना पलीकडे वळत होत्या.

असं का, ते तिला समजेना. टोपलीत कमी पडलं असेल, असं तिला वाटलं, कारण दुसरं काही वाटण्याची तिला सवयच नव्हती. तिने कोठीतले काजू काढले, पुरचुंड्या बांधल्या आणि भर दुपारी दारोदार नेल्या. लोकांनी दारातच हात जोडले.

"नको बाय. तुमचं तुम्हाला राहू दे."

आता मात्र ती घाबरली. जुजे गेल्यावर हे गावच तिचं घर होतं, आणि ते एकेक दार करून मिटत चाललं होतं. काय चुकलं तेही कळत नव्हतं. पुरचुंड्या तशाच घेऊन ती कात्रीनच्या पायरीशी आली.

"माझं काय चुकलं ते तू तरी सांग," ती म्हणाली. "मी एकही टोपली रिकामी पाठवली नाही."

कात्रीन उठली, आत गेली आणि ताटलीत दोन चपट्या नेवऱ्या घेऊन आली. "ह्या माझ्या. तुझ्याकडून परत आल्या. सारण कमी होतं, मला ठाऊक आहे. म्हणून वेचून परत केल्यास असं वाटलं."

"वेचल्या नाहीत गे. तुझ्या कुठल्या, तेच मला माहीत नव्हतं."

"दरवर्षी तर खातेस. जुजे सांगायचा की."

"जुजे खायचा," इजाबेलबाय म्हणाली. "मी कधीच खाल्ल्या नाहीत."

कात्रीनला राग आला होता आणि दयाही आली होती, आणि दोन्हींपैकी आधी काय बोलावं ते तिला उमजत नव्हतं.

"जुजे गेला तेव्हा आम्हालाही रडू आलं," ती शेवटी म्हणाली. "ते कुठे ठेवायचं कळेना, म्हणून नेवऱ्या तळल्या. तू तेवढंच नेमकं परत केलंस."

इजाबेलबायने हातातल्या पुरचुंड्या खाली ठेवल्या. लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि पुढे पसरला.

"मला भूक लागलीय, कात्रीन. माझ्याकडे काही नाही. दे."

कात्रीनने नेवरी पदरात घातली. इजाबेलबाय पायरीवरच बसली आणि खाऊ लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती.

"सारण कमीच आहे गे," ती म्हणाली. "पण वेलची छान लागते."

कात्रीनला रडता रडता हसू आलं.

तिथून उठून इजाबेलबाय दुमिंगच्या दारात गेली. तिथेही पदर पसरला, लाडू मागून घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक दारातून कोणीतरी तिच्या मागोमाग निघालं. संध्याकाळी तिच्या चटया माणसांनी भरल्या आणि सगळे जुजेबद्दल बोलत बसले. इजाबेलबायने त्या दिवशी कोणाला काहीही दिलं नाही, आणि तिच्या घरून कोणी रिकामं उठलं असं कोणालाही वाटलं नाही.

तात्पर्य, पोरांनो आणि पोरांच्या आजोबांनो, एवढंच: प्रेमाने दिलेलं आधी मुकाट पोटात घालावं, कारण ते फेडण्याची घाई करणं म्हणजे ते नाकारणंच.