गांडूळबाई आणि मेणाचे पुडे

सकाळचे बरोबर सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. आपल्या गल्लीत घंटागाडी येते आणि आपण डबे घेऊन धावतपळत खाली जातो ना, अगदी तीच वेळ. त्या वेळी दूरच्या एका जंगलात, जिथे जनावरांनी आपले शहर वसवले होते, हत्तीने सोंड वर केली आणि दवंडी दिली.

"ऐका हो ऐका! जो जो खायचं विकतो, मग तो लहान असो की मोठा, त्याने आजपासून सालं, टरफलं, उष्टं-खरकटं खाणीत टाकायचं नाही. उंबराखालच्या खड्ड्यात आणून मातीला द्यायचं. ही विनंती नाही, सक्ती आहे!"

हत्ती त्या शहराचा नगराध्यक्ष होता, आणि शहराचा बाजार मोठा होता. माकडाची फळांची गाडी, साळिंदराची कंदमुळांची खानावळ, पोपटाचा पेरूचा ठेला. सगळ्यांत जास्त गर्दी अस्वलाच्या दुकानात. त्याचे मोहाच्या फुलांचे मधातले लाडू खायला लांबलांबून गिऱ्हाईक येत असे. दिवसभर विकायचे आणि संध्याकाळी उरलेसुरले जुन्या दगडखाणीत ढकलून द्यायचे, ही सगळ्यांची रीत. ती खाण आता काठोकाठ भरली होती. तिच्यातून धूर निघे. वारा फिरला की हरिणी आपल्या पाडसांची नाके मानेखाली झाकून घेत. आईच ती, दुसरे काय करणार?

दवंडी ऐकून दुकानदारांनी नाके मुरडली. पण एक जण मात्र आनंदाने थरारली. ती उंबराच्या मुळाशी राहणारी गांडूळबाई. "तिला कान कुठे असतात?" असे तुम्ही विचाराल. नसतात. डोळेही नसतात. पण हत्तीचा आवाज जमिनीतूनही जातो, तो तिने सगळ्या अंगाने ऐकला. "मातीला द्यायचं, मातीला द्यायचं," असे ती किती तरी वेळ स्वतःशी म्हणत राहिली.

पूर्वी उंबराखालची माती लोण्यासारखी होती. बाजार लहान होता. जो तो झाडाखाली बसून खाई आणि साल तिथेच टाकी. त्यावर पाने गळत. गांडूळबाईची लेकरे त्या ओल्या अंधारात लोळत, एकमेकांच्या अंगावरून जात, आणि कोण कुठे आहे ते तिला मातीच्या थरथरीवरून कळे. मग बाजार वाढला. दुकानापुढे झाडलोट सुरू झाली. साल तर सोडाच, गळलेले पानसुद्धा उचलून खाणीत जाऊ लागले. माती उपाशी राहिली. आधी कोरडी झाली, मग घट्ट, मग भाजल्या विटेसारखी. लेकरांच्या पोटाला मिळेना. एकेक करून ती ओढ्याच्या ओल्या काठाने निघून गेली.

सगळ्यांत शेवटी धाकटी निघाली. "आई, तूही चल ना गं."

"घर कुणी राखायचं? तुम्ही परत आलात आणि मी नसले, तर?"

"मग माती मऊ झाली की निरोप धाड."

"कुणाजवळ धाडू बाई?"

"मुळांजवळ. उंबराचं मूळ मोहाच्या मुळाला लागलंय, मोहाचं जांभळाला. असं करत करत पोचेल की!"

धाकटी गेली. तेव्हापासून गांडूळबाई रोज उंबराच्या मुळाला अंग लावून पडून राही आणि म्हणे, "अजून नाही हं. एवढ्यात सांगू नकोस." खोटा निरोप गेला आणि लेकरे आशेने आली, तर खायला काय घालायचे? त्यापेक्षा वाट पाहिलेली बरी.

इकडे बाजारात कुरकुर चालली होती. माकड म्हणाले, "मी बसतो फांदीवर. साल पडते खाली. खाली पडलेली साल माझी कशी?"

"आणि फळ मात्र तुझं, काय रे?" साळिंदराने विचारले.

"तू गप बस. तुझ्या खानावळीत उष्टं उरतंच कुठे? वाढायच्या आधी निम्मं तूच खातोस, आणि कुणी बोललं की काटे उभे करतोस!"

सगळे हसले. अस्वल हसले नाही. ते म्हणाले, "मला धास्ती आहे ती वासाची. माझं गिऱ्हाईक मधाच्या वासावर येतं. आंबट वास आला की आल्या पावली परत जाईल."

पण नियम तर पाळायला हवा. मग अस्वलाला आपली लाडू बांधायची पद्धत आठवली. पाहुण्यांना द्यायचे लाडू ते सागाच्या पानात गुंडाळी, वेलीने करकचून बांधी आणि गाठीवर, कडांवर मधाच्या पोळ्याचे मेण ओती. असा पुडा कितीही दूर न्या, मुंगी आत शिरत नसे. अस्वलाने सालींचे आणि मोहाच्या चोथ्याचेही तसेच पुडे बांधले आणि खड्ड्यात नेऊन नीट रचून ठेवले.

खड्ड्यावर देखरेखीला बगळा होता. तो एका पायावर उभा राहून बघत होता. "वा, अस्वलराव, वा! थेंब गळत नाही, माशी बसत नाही. याला म्हणतात नियम पाळणं. बघा रे सगळ्यांनी!"

मग काय, अख्खा बाजार अस्वलाकडून मेण मागून नेऊ लागला. पोपटाने तर पुड्यांवर लाल फुले खोचली. खड्डा पुड्यांनी भरत चालला, थराथरावर माती ओढली गेली, आणि बगळ्याने हत्तीला कळवले की सगळे कसे छान चालले आहे.

जमिनीखाली गांडूळबाई वाट काढत पहिल्या पुड्यापाशी पोचली. अंग लावून पाहिले. गुळगुळीत मेण. तिने पुड्याला फेरी घातली. कुठे फट नाही. आतून पेरूचा, कंदाचा, मोहाचा बारीक बारीक वास येत होता. तिला दात नव्हते, नखे नव्हती. भरले ताट पुढ्यात आणि त्यावर न निघणारे झाकण, अशी तिची गत झाली. ती दुसऱ्या पुड्याकडे गेली, तिसऱ्याकडे गेली, आणि शेवटी दमून मुळापाशी परत आली.

"अजून नाही हं," ती मुळाला म्हणाली. पण या वेळी म्हणताना तिचा जीव कातर झाला होता.

एके सकाळी अस्वल पुडे घेऊन येत असताना उंबराच्या मुळात त्याचा पाय अडकला. एक पुडा दगडावर आपटला आणि फुटला. साली, टरफले, मोहाचा चोथा, सगळे पसरले. "अरे देवा! बगळ्याने पाहिलं तर अब्रू जाईल माझी!" म्हणून ते भराभर गोळा करू लागले. तेवढ्यात पायापाशी बारीक आवाज आला.

"अस्वलदादा, राहू द्या."

"कोण ते?"

"खाली बघा. आणि जरा जपून, नाहीतर पाय द्याल अंगावर."

अस्वलाने वाकून पाहिले. "गांडूळताई? अहो, उन्हात कशाला आलात? वाळून जाल. आणि तो बगळा पाहिलात का ओढ्यावर? एका घासात संपवेल तुम्हाला."

"ऊन आहे, बगळा आहे, सगळं ठाऊक आहे मला. पण हे उचलू नका दादा. हे मातीत गेलं तर माती मऊ होईल, आणि माझी लेकरं घरी येतील."

"आणि माझी गिऱ्हाइकं पळतील, त्याचं काय?"

गांडूळबाई म्हणाली, "यंदा तुमचा मोह फुलला का हो?"

अस्वलाच्या हातातली साल हातातच राहिली. त्याच्या दुकानामागे आजोबांच्या वेळचे मोहाचे झाड होते. अलीकडे लाडवांना फुले दुसऱ्या डोंगरावरून आणावी लागत. "नाही फुलला," ते म्हणाले. "पूर्वी पहाटे फुलं पडायची, टप टप टप. त्या आवाजाने मला जाग यायची. आता आवाज येत नाही, म्हणून जाग येते."

"माझंही तसंच आहे हो," गांडूळबाई म्हणाली.

इतक्यात पंखांची फडफड झाली. बगळा निघाला होता. गोळा करायला वेळच उरला नाही. अस्वलाने घाईघाईने उंबराचा वाळका पाला दोन्ही हातांनी ओढला आणि सांडलेल्यावर पांघरून टाकला. गांडूळबाई सुळकन त्याखाली गेली.

"काय चाललंय अस्वलराव?" बगळा उतरला.

"काही नाही, काही नाही. पाला सारखा करतोय."

बगळ्याने हवा हुंगली. "बरं आहे," म्हणाला आणि पुढे गेला. अस्वलाने मग स्वतः हुंगून पाहिले. खरेच की, वास नव्हताच!

त्या दिवसापासून अस्वल रोज एक पुडा उंबरापाशी आणून गुपचूप फोडू लागले आणि वर पाला घालू लागले. स्वतःशी म्हणे, एकच तर आहे, कुणाला कळतेय? ढीग आतून ऊबदार झाला, मग खाली बसला, मग काळा पडू लागला. गांडूळबाई आणि इतर बारीकसारीक जीव आत खपत होते.

उन्हे तापली तसे खड्ड्यातले पुडे फुगू लागले. बांधलेले सडते, पण त्याला श्वास घेता येत नाही ना! एके दिवशी बगळा हत्तीला मोठ्या अभिमानाने खड्डा दाखवायला घेऊन आला. "बघा साहेब, वासाचा लवलेश नाही," असे तो म्हणतोय तोच पायाखालचा एक पुडा फुटला. फट्ट! मग दुसरा. फट्ट! मग तर लडच लागली. पांढराशुभ्र बगळा चोचीपासून पायापर्यंत हिरवा-काळा झाला.

"काय बगळेसाहेब," माकड फांदीवरून ओरडले, "रंगपंचमी झाली वाटतं?"

वास असा सुटला, की गोष्ट सांगतानाही नाकाला हात जातो. म्हणून तर मी ही गोष्ट जेवताना सांगत नाही. हत्ती संतापला. "अरे, मातीला द्या म्हटलं होतं! हे दिलंत? हे तर बांधून ठेवलंत! कुणाची ही कल्पना?"

सगळ्यांच्या माना अस्वलाकडे वळल्या. अस्वल पुढे आले. "माझी, साहेब. चूक माझी आहे. पण एकदा माझ्याबरोबर या."

त्याने उंबराखालचा पाला बाजूला केला. खाली काळीभोर माती होती, भुसभुशीत आणि ओलसर. हत्तीने सोंडेत थोडी घेतली, हुंगली आणि डोळे मिटले. मग हळू म्हणाला, "मी आईच्या पायांमधून चालत होतो, तेव्हा अशी होती माती. कशी केलीस रे?"

"मी कुठे केली? मी नुसती लपवली. केली ती या ताईंनी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दवंडी झाली. "सक्ती तीच! पण पुडा नको, मेण नको. गाठ सोडून आणायचं, सांडायचं आणि वर वाळका पाला पांघरायचा!" बगळा आता पाल्याचे भारे वाहू लागला. बिचारा, अजून रोज तीनदा आंघोळ करतो.

माती मऊ होत गेली. उंबराखाली, मग बाजाराच्या कडेने, मग अस्वलाच्या मोहापर्यंत. एके दिवशी गांडूळबाई सगळीकडे फिरून आली, पुन्हा एकदा फिरून आली, आणि मग मुळाला अंग लावून म्हणाली, "आता सांग."

मूळ काही बोलले नाही. मुळांना घाई नसते.

दिवस गेले. रोज सकाळी अस्वल टोपली रिकामी करताना विचारी, "आलं का कुणी, ताई?"

"अजून नाही, दादा. तुमचा मोह?"

"अजून नाही."

आणि दोघे आपापल्या कामाला लागत.

मग एका सकाळी, त्याच सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला, दुकानामागे टप असा आवाज झाला. अस्वल टोपली हातात धरून तसेच थांबले. पुन्हा टप. मोहाची फुले पडत होती. त्यांची थरथर मुळामुळांतून उंबरापर्यंत आली. गांडूळबाईने ती सगळ्या अंगाने ऐकली. आणि त्या थरथरीच्या आडून तिला आणखी एक थरथर जाणवली, फार बारीक, फार दुरून येणारी. ती फुलांची नव्हती. एकटी धाकटीच येत होती की सगळी, ते अजून कळत नव्हते. गांडूळबाई हलकेच बाजूला सरकली आणि आपल्याशेजारी जागा करून ठेवली.

तात्पर्य : मातीचे मातीला द्यायचे, तर गाठ सोडून द्यावे. बांधून दिलेले पोचत नाही.

बाळांनो, तुमच्या कोपऱ्यावर भजीवाले काका असतील, रसवंतीवाले असतील, खानावळवाल्या मावशी असतील. त्यांना ही गोष्ट सांगा. आणि दारातल्या तुळशीला, नाहीतर कुंडीतल्या कोणत्याही रोपाला, वाकून हळूच म्हणा, "उंबराखालची माती मऊ झाली आहे." कुणाची लेकरे कुठवर गेली असतील, काय सांगावे. तुम्ही आपला निरोप पुढे द्या.