मिटकीचा दाणा आणि ओ न देणारं पान

एक होती खार. तिचं नाव मिटकी. खार एवढीशी, शेपूट मात्र ऐटबाज.

मिटकीला मिळाला शेंगदाणा. टपोरा, लालेलाल. कावळा बसला होता टपून. म्हणून मिटकीने दाणा ठेवला पेटीत. पेटी होती रेवाताईची. रेवाताई कॉम्प्युटरवर काम करते, आणि पेटी तिनेच केलेली. टकटक केलं की दार उघडतं, बरं का.

दुपारी मिटकीला लागली भूक. आली तुरुतुरु. टकटक, टकटक. दार काही उघडेना.

"पेटी गं पेटी, दार उघड."

पेटी म्हणाली, "मी नाही उघडणार. माझी कळ अडकली. ताई कळ सोडवेल, तर मी उघडेन."

मिटकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ताई गं ताई,
पेटी उघडेना,
माझा दाणा मला मिळेना.
तू कळ सोडव."

ताईचा चहा थंडगार. केस पिंजारलेले. सकाळपासून बिचारी शोधतेय, पण हटत नाही हं. ताई म्हणाली, "कशी सोडवू गं? ते लिहिलंय कॉम्प्युटरमधल्या पुस्तकात. आणि पुस्तक आहे की समुद्र? शोधोबा पान आणेल, तर मी कळ सोडवेन."

शोधोबा राहतो कॉम्प्युटरच्या आत. डोळ्यावर हे एवढं भिंग. मिटकी गेली पडद्यापाशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शोधोबा रे शोधोबा,
ताई सोडवेना,
पेटी उघडेना,
माझा दाणा मला मिळेना.
तू पान आण."

शोधोबा म्हणाला, "ढीगभर पानं आणली मी. ताईला हवं ते एक येईना. हाका मारून घसा बसला माझा. पान ओ देईल, तर मी आणेन."

पान होतं पुस्तकाच्या अगदी तळाशी. एकटंच मुसमुसत बसलं होतं. मिटकी वाकली, पडद्याला नाक लावलं.

"पाना रे पाना,
शोधोबा आणेना,
ताई सोडवेना,
पेटी उघडेना,
माझा दाणा मला मिळेना.
तू ओ दे."

पान म्हणालं, "कशी देऊ ओ? सगळे ओरडतात, दार उघडेना, दार उघडेना. माझं नाव आहे उद्घाटन-अवरोध-निवारण. त्या नावाने कुणी हाकच मारत नाही. पुस्तक लिहिणारे काका नाव बदलतील, तर मी ओ देईन."

दुसरी कुणी असती, तर बसली असती रडत. आपली मिटकी नाही हो तशी. पोटात कावळे ओरडत होते, तरी निघाली.

हे दिगूकाका राहायचे समोरच्याच माडीवर. मिटकी चढली पाइपावरून. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र.

"काका हो काका,
पान ओ देईना,
शोधोबा आणेना,
ताई सोडवेना,
पेटी उघडेना,
माझा दाणा मला मिळेना.
तुम्ही नाव बदला."

काका म्हणाले, "नाव बदलू? अगं, किती भारदस्त नाव आहे. मला तर तोंडपाठ आहे. तू म्हणून दाखव बरं."

मिटकी म्हणाली, "उद्... उद्घा... उद्घाटाट..."

जिभेची झाली गाठ. मिटकीचे डोळे भरून आले.

"काका, मला नाही येत. मला एवढंच येतं. दार उघडेना, दाणा मिळेना."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"खरंच की गं. मला पाठ, म्हणून वाटलं सगळ्यांना पाठ. चुकलंच माझं."

मोठ्या माणसाने असं म्हणायचं, म्हणजे धीर लागतो हं. काकांनी जुनं नाव खोडलं. मिटकीचंच बोलणं मोठ्या अक्षरांत लिहिलं. दार उघडेना, दाणा मिळेना.

मग काय विचारता.

काकांनी नाव बदललं,
पानाने ओ दिली,
शोधोबाने पान आणलं,
ताईने कळ सोडवली,
पेटी उघडली. खट्ट.

आणि मिटकीचा दाणा मिटकीला मिळाला.

ताई म्हणाली, "मिटके, मला सकाळपासून जमलं नाही ते तू केलंस बघ." पण मिटकीला ऐकायला वेळ कुठे? तिने दाणा धरला दोन्ही हातांत. कुटुर कुटुर, कुटुर कुटुर. सालसुद्धा ठेवलं नाही.

दाणा गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.