एकदाच विचारण्याचा वसा

ऐका आव्याच्या माउली, तुझी कहाणी. आटपाट नगराच्या वेशीबाहेर, नदीच्या काठी, कुंभारांची आळी होती. तिथं कोंडाजी कुंभार नि त्याची बायको भिवरा राहत. दोघांचा एकमेकांवर भारी जीव. पण भिवरेच्या पोटात एक भीती होती. ती सहा वर्षांची असताना तिचा बाप बाजाराला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून, आपण जीव लावला की माणूस जातं, असं तिच्या मनानं घेतलं.

मग काय व्हायचं? कोंडाजी बाजाराला निघाला की ती विचारी, "परत याल ना?" तो म्हणे, "येईन." उंबऱ्यात पुन्हा विचारी, "नक्की ना?" तो म्हणे, "नक्की." वेशीपर्यंत धावत जाऊन तिसऱ्यांदा विचारी, "माझ्यावर रागावलात का?" तेव्हा तो नुसतं गाढव हाकी. आधीच माणूस घुमा! तो गप्प म्हणून ती अधिक विचारी, ती विचारी म्हणून तो अधिक गप्प होई. हसू नका गं, तुमच्याही घरी हेच चालतं.

पौष महिना आला. संक्रांतीची सुगडं घडवून झाली. निम्मी पडवीत वाळत होती, निम्मी कोंडाजीनं भाजायला आव्यात, म्हणजे भट्टीत, रचली. आवा पेटवला, वरून राखेमातीनं लिंपला. म्हणाला, "मी डोंगरात लाकडं आणायला जातो. आवा निवायला तीन दिवस लागतील. तिसऱ्या दिवशी येतो, मग उघडू. तोवर हात लावू नकोस."

एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी भिवरेच्या मनात आलं, सुगडं नीट भाजली असतील तर धनी येणार, तडकली असतील तर येणार नाहीत. एवढं बघितलं की जीव थाऱ्यावर येईल. मग तिनं काठीनं लिंपण फोडलं. आत गार वारा शिरला. तड्, तड्, तड्! सगळी सुगडं तिच्या डोळ्यांदेखत फुटली. कुंभाराची लेक, कुंभाराची सून, आणि असं करावं! पण भीतीपुढं अक्कल कुठं टिकते?

तिसऱ्या दिवशी कोंडाजी आला. एरवी न बोलणारा माणूस, त्या दिवशी बोलला. "सुगडं पुन्हा होतील. पण रोज उठून चोरासारखा जाब देऊन मी मेटाकुटीला आलो. मी नदीपलीकडं बहिणीकडं जातो, भोगीला येईन. तोवर निरोप धाडू नकोस, मागं येऊ नकोस. आलीस, तर मग मी येत नाही." असं म्हणून तो गेला.

भिवरा खापरांत बसून रडू लागली. तेवढ्यात एक म्हातारी आली, डोईवर राखेची पाटी. "बाई, पाणी दे, मग रड. मी तहानलेय." भिवरेनं पाणी दिलं, सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "त्याचंही चुकलंच. घुम्या माणसाच्या घरात भीती दुप्पट फोफावते. पण तो आला की त्याचं बघू. आधी तुझं. माझा एक वसा घे."

"काय करू?"

"भीती आली की पळू नकोस, भांडू नकोस. पोटावर हात ठेव, म्हण, 'बस बाई. तू माझ्या बापाच्या वेळची, माझ्या धन्याची नव्हेस.' मग एक कच्चं सुगड घे, गेरू लाव, श्वास संथ होईतो गुळगुळीत गोट्यानं घासत घोट. आणि धनी आला की, जे विचारायचं ते एकदाच विचार. मिळेल ते उत्तर जपून ठेव."

"एवढंच?"

"करून बघ, मग एवढंच म्हण. चार दिवस करशील नि सोडशील."

"सोडणार नाही," भिवरा म्हणाली. म्हातारी पाटी उचलून आव्याआड गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

पहिल्याच दिवशी भीती आली, म्हणाली, "त्यानं दुसरी केली." भिवरा नदीच्या उतारावर धावली, एक पाय होडीत टाकला, नावाडी बघत राहिला. मग दात-ओठ खाऊन तिनं पाय मागं घेतला. घरी आली, पोटावर हात ठेवला, सुगड घोटलं. दुसऱ्यांदा भीती आली, म्हणाली, "तो आजारी पडला." भिवरा रडत रडत घोटत राहिली. होता होता सारी सुगडं लाल चकचकीत झाली.

मग तिनं एकटीनं आवा रचला, पेटवला, लिंपला. तिसऱ्यांदा भीती आली, म्हणाली, "एवढंसं भोक पाड, बघ." भिवरा म्हणाली, "तू बस. मीही बसते." आव्याकडं पाठ करून ती तीन दिवस बसली.

भोगीचा दिवस उजाडला. कोंडाजी आला. भिवरेच्या ओठांवर वीस प्रश्न आले. एकोणीस तिनं गिळले. विचारलं, "मला सोडून जाणार आहात का?"

"नाही," तो म्हणाला.

तिनं ते उत्तर जपलं, नि त्याला भाकरी वाढली. मग म्हणाली, "तुम्ही गप्प राहिलात की मला माझा बाप आठवतो." हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं भाकरी मोडली, अर्धी तिच्या हातावर ठेवली.

मग दोघांनी आवा उघडला. सुगडं टणटणीत! एकच तडकलं होतं, ते भिवरेनं हसत विस्तव ठेवायला घेतलं. संक्रांतीला घरोघरच्या बायकांनी तिच्या सुगडांचं वाण दिलं.

पुढल्या बाजाराला कोंडाजी निघाला. भिवरा पोटावर हात ठेवून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. तो वेशीपर्यंत गेला, गाढव तिथंच सोडलं, धावत माघारी आला, म्हणाला, "दिवे लागायच्या आत येतो."

जशी माउली भिवरेला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. भीतीला बसायला पाट मिळो, घर मात्र तिचं न होवो. साठ प्रश्नांची ही कहाणी, एका उत्तरी सुफळ संपूर्ण.