मौनाचा मुखत्यार

“…आणि उद्या आपली वाचाच गेली, स्वामी, तर आपल्या वतीने कोण बोलणार?”

प्रश्न हरिहर निगुडकर वकिलांचा होता. सोनवड्याच्या मठात त्यांच्याइतका शिकलेला शिष्य दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊकही नव्हती.

स्वामींना महिन्यापूर्वी अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. पुढचा आला तर बोलणे जाईल, कदाचित शुद्धही जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. म्हणून वकिलांनी वैद्यकीय इच्छापत्राचा मसुदा आणला होता. शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, आणि स्वामींच्या वतीने निर्णय कोणी सांगावा, हे त्यात लिहायचे होते.

“त्या माणसाला तुम्ही वकील लोक काय म्हणता?”

“मुखत्यार, स्वामी.”

“मुखत्यार… म्हणजे ज्याचं मुख सदा तयार, तो?”

स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडणाऱ्या द्वारकाबाई हसल्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. वकील हसले नाहीत.

“तिथे मी माझं नाव घातलं आहे. वीस वर्षं आपल्या पायांशी बसलो. आपल्या मनातलं मला न सांगता कळतं.”

स्वामींनी मसुदा मिटून त्यांच्या हाती दिला.

“उद्या गुरुवार. सकाळी ये. एकेक कलम विचार.”

गुरुवारी माध्यान्हीच्या नैवेद्यापर्यंत स्वामींचे मौन असे. लिहून सांगणेही वर्ज्य असे. ही आपली परीक्षा आहे, हे वकिलांनी ओळखले, आणि ते आनंदाने आले.

“पहिलं कलम. श्वास मंदावला, तर घशात नळी घालून यंत्र लावावे काय?”

स्वामींनी कंठाला बोट लावले.

“लावावे.” वकिलांनी लिहिले.

“मठात ठेवावे, की रुग्णालयात हलवावे?”

स्वामींनी दाराकडे बोट दाखवले.

“रुग्णालयात हलवावे.”

“गिळता येईनासे झाले, तर नळीने अन्न द्यावे काय?”

स्वामींनी ओंजळ पुढे केली.

“द्यावे.” वकिलांनी खाली रेघ ओढली. “पाहिलंत, द्वारकाबाई? एक शब्द नाही, आणि तीन कलमं पूर्ण!”

द्वारकाबाई पदराला हात पुशीत पुढे आल्या. स्वामींसमोर बसल्या. त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

“बाबा, मला नाही समजलं. परत सांगता?”

स्वामींनी पुन्हा कंठाला बोट लावले. पुन्हा दाराकडे दाखवले. पुन्हा ओंजळ केली.

“दुखतंय का कुठे?”

स्वामींनी मानेने नाही म्हटले.

“मग घसा… सुकलाय?”

स्वामींनी मान डोलावली.

दाराशी माठ होता. द्वारकाबाईंनी तांब्या भरून आणला. स्वामी ओंजळीने पाणी प्याले, तीनदा, घटाघटा.

वकिलांचे पेन कागदावर तसेच राहिले…

नैवेद्य झाला. मौन सुटले.

“हरिहर, खोड ते. आता लिही. बरं होण्याची आशा आहे असं डॉक्टर म्हणतील, तोवर औषध द्यावं. ती सरली, की यंत्र नको, नळी नको. वेदना होऊ नयेत, एवढं पाहावं. देह इथे, देवासमोर पडू द्यावा.”

वकिलांनी लिहिले.

“मुखत्यार, द्वारका.”

“अगं बाई! बाबा, मला कायद्यातलं काय कळतं?”

“कळलं नाही, तर तू विचारतेस.”

शनिवारी नोटरीसमोर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, तो कागद पुरा झाला. स्वामींनी त्या दिवशी खीर मागून घेतली.

सर्व उठून गेल्यावर वकील मागे राहिले.

“चुकलो, स्वामी. आपल्या नावाने मी माझीच इच्छा लिहीत होतो. मला दंड सांगा.”

“घरी जा. वत्सलेला विचार, तिची वाचा गेली तर तिला काय हवं.”

वत्सला ही वकिलांची पत्नी. लग्नाला एकतीस वर्षे झाली होती.

“तिला काय हवं, ते मला ठाऊकच…”

वकील मध्येच थांबले.

स्वामींनी हात पुढे केला.

वकील आशीर्वादासाठी वाकू लागले, मग सरळ झाले.

“काय हवं, स्वामी?”

“तुझं पेन. तिचं ऐकून झालं, की घेऊन जा.”

तीन गुरुवार वकील मठात दिसले नाहीत. चौथ्या गुरुवारी, मौन सुटण्याच्या वेळी, ते आले आणि नमस्कार करून बसले.

“विचारलंस?”

“विचारलं, स्वामी.”

“काय म्हणाली?”

वकिलांनी मान खाली घातली.

“अजून सांगते आहे…”

“मग तू इथे काय करतोस?”