गुळगुळीत हौद

गावाबाहेरच्या एका आश्रमात निरंजन नावाचा एक शिष्य राहत असे. आश्रमाच्या परसात त्याने मोडीत निघालेल्या वस्तूंतून एक जलोद्यान उभे केले. भंगारातला खोल लोखंडी हौद काठापर्यंत जमिनीत पुरला, भोवती फुटक्या कौलांची कड बांधली, तळाशी गळक्या घागरींत कमळाचे कंद लावले. हौदाचा गंज त्याने इतका घासला की आतून हात फिरवला तर बोट कुठे अडू नये. ऐन वैशाखात पहिले कमळ उमलले आणि ते पाहायला गावातले एक व्यापारी येणार असे ठरले.

त्या सकाळी निरंजनने हौदाजवळ जुन्या दाराची फळी मांडून तिच्यावर मोगऱ्याच्या कुंड्या रचल्या. दाराशी गाडी थांबली. तो सामोरा जायला वळला, तोच मागे खळ्ळकन आवाज झाला.

वृद्ध गुरुजींनी कुंड्या लोटून दिल्या होत्या आणि ती फळी ते हौदात ढकलत होते. कमळाचा देठ मोडला.

"गुरुजी, हे काय करता!" निरंजनने धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"सोड!"

"पण पाहुणे दारात आलेत..."

"अरे, हात सोड आधी!"

गुरुजींचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. त्याची पकड सुटली. फळीचे टोक पाण्यात गेले, पाने बाजूला झाली आणि तेव्हा कुठे त्याला खार दिसली. ती हौदाच्या गुळगुळीत भिंतीला नखे लावी, घसरे, बुडे. तिचे बळ सरत आले होते. पंजा फळीला लागला, निसटला, पुन्हा लागला. कशीबशी वर येऊन ती काठावर आडवी पडली. हलेचना. मग तिचे पोट धपापले आणि ती उठून झुडपात शिरली.

"मी अजून थोडा वेळ हात धरून ठेवला असता तर..." निरंजन म्हणाला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी मांडणं म्हणजे तहानलेल्याला बोलावणं. तू मनापासून बोलावलंस, निरंजना. पण जो येईल तो परत कसा जाईल, हे पाहायचं राहिलं. आपल्या बोलावण्यावर जो येतो, त्याची वाटही आपणच राखायची असते."

व्यापारी परसात आले तेव्हा निरंजन कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दगडविटांचा उतार रचत होता.

"अहो, एवढ्या सुंदर हौदात हा राडारोडा कशाला?"

"हे आधीच करायला हवं होतं," निरंजन म्हणाला, आणि नुकताच बसवलेला दगड डुगडुगत तर नाही ना, हे त्याने तळहाताने दाबून पाहिले.